छत्तीस नंबरचं गवत

आदरणीय अध्यक्षा आणि आपल्या मुख्याध्यापिका मार्डेलबाई, मंचावरचे जमीन खात्याचे पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते लेलंड ऑस्टबी, आणि जेवण जरा जास्तच झालेल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

मी वर्ना हॉगस्टाड. छत्तीस नंबरचा तुकडा तीन पिढ्या आमच्याकडे भाड्याने आहे, म्हणून मला उभं केलं असावं. मोन्टाना राज्य झालं तेव्हा चौरस मैलाच्या दर छत्तीस तुकड्यांमागे दोन तुकडे, सोळा आणि छत्तीस नंबरचे, शाळांसाठी राखले. आपल्या चराईचं भाडं शाळांना जातं, हे इथे कोणाला सांगायला हवं? पण त्या जमिनीवर गवत टिकतंय की नाही, हे बघत या भागात एकतीस वर्षं जमीन खात्याचा एकच माणूस हिंडला, लेलंड.

दुष्काळाच्या साली जुलैत लेलंड आले. गुडघ्यावर बसले, गवताचा ठोंब उपटून त्यांनी माझ्या नवऱ्याला मुळं दाखवली.

"कर्टिस, गुरं काढ. आणखी महिनाभर चरली तर इथे पुन्हा काही उगवायचं नाही."

"आजोबांपासून चरतायत आमची!"

"चरतायत. पण जमीन शाळेतल्या पोरांची आहे."

कर्टिस म्हणाला, "तुला ना बायको, ना पोर. तुला रे कशाला शाळेचा एवढा पुळका?"

आणि मी? मी हसले. मोठ्याने हसले.

आम्ही चाळीस गाई विकल्या. लेलंडमुळे विकाव्या लागल्या, असं कर्टिसने गावभर सांगितलं, आणि मग खानावळीत लेलंडच्या टेबलावर कोणी बसेना. मान खाली घालू नका, मीही त्यातच होते.

पुढे कर्टिस गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात फाटकाशी लेलंडची गाडी दिसली. टपावर वही ठेवून ते उभ्याउभ्याच डब्यातलं खात होते. मला बघून त्यांनी हात केला. तोवर मलाही कळलं होतं, एकट्याने जेवताना घास तोंडातच कसा फिरतो ते. तरी मी थांबले नाही. असं चार उन्हाळे झालं. त्यांचा हात मात्र दरवेळी वर गेला.

परवाच्या दुष्काळात तालुक्यात गवत होतं ते छत्तीस नंबरवर. माझ्या गाई त्यावर जगल्या, शाळेचं भाडंही चुकलं नाही. अहो, तेव्हा तरी मी त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे होते! तेही नाही.

उद्या लेलंड बहिणीकडे ॲरिझोनाला जातायत, कायमचे.

अध्यक्षांनी वेळ दिला, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. वागण्यात झालं त्याची माफी सभेकडे मागण्यासारखी नाही. लेलंड, सकाळी निघण्याआधी न्याहारीला या. मी वाट बघेन. घरात दुसरं कोणी नसतं.