पहिली हाक

दाताच्या दवाखान्यात नंबर पुकारायला आलेली नर्स दारातच थबकली. बाकावर बहीणभाऊ हमरीतुमरीवर आले होते.

“संपकऱ्यांना क्रिप्टोतून पैसे पाठवलेस, तेही कंपनीच्याच वायफायवरून?”

“नाव कुठे होतं माझं, ताई?”

“नाव कशाला हवं? व्यवहाराची हाक जगभरच्या संगणकांना जाते. पहिली कुठून उठली, ते कंपनीनं पाहिलं!”

“मग काय करायचं होतं?”

“आधी एकाच संगणकाच्या कानात सांगायचं, त्यानं पुढच्याच्या. लांब पोचल्यावर बोभाटा. ॲपमधली ती सोय चालू कर म्हणून कानीकपाळी ओरडले!”

“नोकरी गेली ना माझी, आता पुरे कर.”

“पुरे कसलं? काल मीही पाठवले.”

“तू? मला तर मूर्ख म्हणालीस!”

“पाठवलेस म्हणून नव्हे रे. बोंब मारून पाठवलेस म्हणून!”