साहेबाच्या नावाचं कोणी नव्हतं

(केनियात, न्येरीजवळच्या एका गिकुयू घराची ओसरी. दुपार. म्हातारी मुरिंगो घेवड्याच्या शेंगा सोलते आहे. समोर तिच्या नातवाची शिक्षिका, गथोनी.)

मुरिंगो: चहा निवतोय, बाई. भांडायचं तर पोटात काहीतरी घालून भांडा.

गथोनी: भांडायला नाही आले, आजी. थेउरी शाळेत का येत नाही, एवढंच विचारायचंय.

मुरिंगो: थेउरी नावाचं या घरात कोणी नाही म्हणे. त्यानेच सांगितलं. नैरोबीला बापाला फोन लावून म्हणाला, माझं नाव बदला.

गथोनी: अरे देवा.

मुरिंगो: जन्मला तेव्हा रीतीप्रमाणे आजोबांचं नाव पडलं. तेव्हापासून माझा नवराच तो. मी अंगणातून हाक मारायची, 'अहो, जेवायला चला!' की स्वारी कमरेवर हात ठेवून विचारणार, 'आज काय केलंयस, म्हातारे?' शेजारपाजार हसून हसून लोळायचा.

गथोनी: वर्गातही ऐटीत सांगायचा, मला बायको आहे म्हणून.

मुरिंगो: मग काय शिकवलंत त्याला?

गथोनी: खरं तेच. आमच्या पुस्तकात काय होतं? साहेबाने रेल्वे आणली, शाळा काढल्या. साहेबाविरुद्धच्या लढ्यावर दोन ओळी. माझ्या वर्गात असं होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मुलांना म्हटलं, ज्याचं नाव लावता त्याची घरी चौकशी करा. आणि त्याच्या जागी उभं राहून बोला, 'मी' म्हणून.

मुरिंगो: आणि गिचुकी उभा राहिला.

गथोनी: हो, त्याच्या आजोबांच्या जागी. म्हणाला, 'मला रांगेतून ओढलं आणि फाशी दिलं.' मग थेउरीकडे वळला. 'तू बोट दाखवलंस.' एका बाकावर बसायची हो दोघं, एकाच डब्यातलं खायची. सगळा वर्ग ओरडायला लागला. मला आवरता आलं नाही.

मुरिंगो: दाखवलं होतं यांनी बोट. मी नाही कशाला म्हणू? साहेबाने गाव रांगेत उभं केलं आणि लढणारे ओळखून द्यायला यांना पुढे घातलं. डोक्यावर पोतं, त्याला डोळ्यांपुरती भोकं. पण पाय उघडेच होते. गावाने पाय ओळखले.

गथोनी: मग, आजी...

मुरिंगो: आमची थोरली तेव्हा अंगावर पीत होती. साहेबाने तिला माझ्या कडेवरून उचललं आणि यांच्या हातात पोतं दिलं. हे सांगितलं का कोणी तुमच्या वर्गात?

गथोनी: थेउरीला ठाऊकच नव्हतं.

मुरिंगो: बरं, साहेबाच्या जागी कोण उभं राहिलं?

गथोनी: कोणीच नाही. साहेबाचं नाव कोण ठेवतं पोराला?

मुरिंगो: तेच म्हणते मी. फासावर गेलेला हजर, पोत्यातला हजर, साहेबाच्या धाकाने गावाभोवती खंदक खणणाऱ्या बाया हजर. ज्याने हे सगळं करायला लावलं त्याचीच जागा रिकामी. मग पोरांनी भांडायचं कोणाशी?

गथोनी: हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मुरिंगो: तुम्ही तर इथल्याच ना? परक्या मुलखात ते नाटक झालं असतं. आपल्यात नाव म्हणजे तो माणूसच.

गथोनी: मग काय खोटं शिकवू, आजी?

मुरिंगो: मुळीच नका. खंदक मीही खणलाय. जिचं नाव तुम्ही लावता ती तुमची आजी माझ्या शेजारी खणता खणता कोसळली. ते शिकवा. पण पोर अकरा वर्षांचं आहे हो. त्याच्या डोक्यावर पुन्हा पोतं कशाला घातलंत?

गथोनी: मी तो धडा परत घेते. साहेबाच्या जागी मी उभी राहते. पोरांनी काय विचारायचं ते मला विचारावं. तुम्ही फक्त थेउरीला पाठवा. कुठे आहे तो?

मुरिंगो: गोठ्यापाशी. थांबा, हाक मारते. अहो! जेवायला चला! ... अहो, ऐकलंत का? मक्या-घेवड्याची गिथेरी निवली!

गथोनी: ऐकू गेलं नसेल.

मुरिंगो: गेलंय. ते काय, फळ्यांखालून पाय दिसताहेत.

गथोनी: मी जाऊन बघते.

मुरिंगो: नको, बसा. ही वाटी तुम्हीच घ्या. म्हातारा गेल्यावर दोघांचं शिजवायची सवय मोडायला मला फार दिवस लागले होते, बाई. आता पुन्हा मोडायची.