कुंकू लागलेलं बिल

मेहकरहून साखरखेर्ड्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या. धाकटीच्या मांडीवर कॉम्प्युटर होता.

“झाला का दुरुस्त, संजीवनी?”

“हाव, मावशी. मदरबोर्डच बदलून देला, फुकटात. वॉरंटी होती.”

“मंग आठ दिवस तुह्यं दुकान काऊन बंद?”

“बिल पाह्यजे होतं. माह्या बिलावरची शाई पार उडाली, कोरा कागद.”

“मंग?”

“कॉम्प्युटर आणला तवा सासूबाईनं त्याच्यासंगं बिलाचीबी पूजा केली होती. मी हसली होती त्यायले. त्या पूजेचा फोटो मोबाइलात निंघाला. तारीख, नंबर, सारं साफ.”

“कुंकवानं झाकलं नाही?”

“कोपऱ्यालेच लावलं होतं.”

“सांगितलं सासूले?”

“फोनवर नाही. हा नव्या बोर्डाचा कागद त्यायच्याच हातात देईन. म्हणीन, आई, याले पह्यले कुंकू लावा.”