पोराबाळांसह

मंडळी, एक सांगा. दोघांचं भांडण तिसऱ्याची मान देऊन मिटलं, तर त्याला शांती म्हणायचं का? नका बोलू लगेच. आधी गिरमाजीपंतांचं ऐका, मग बोला.

मांडवगिरी नावाचं राज्य होतं. मधून कासवी नदी. नदीच्या वरच्या मुलखात ठरलं होतं, माणसानं माणूस विकत घ्यायचा नाही. खालच्या मुलखात सुपारीच्या बागा, आणि त्या शिंपायला विकत घेतलेल्या कुणबिणी, विकत घेतलेले गडी! खालचे सरदार म्हणाले, आमच्या माणसांना हात लावाल तर राज्य तोडू. वरचे म्हणाले, तोडून बघाच. दोन्हीकडे तलवारींना धार लागली.

मधे पडले गिरमाजीपंत. राज्याचे कारभारी. वाईट माणूस नव्हे हो! उलट फार भला. नऊ वर्षांपूर्वी भिवरी नावाची एक कुणबीण नदी पोहून पळून आली, तर तिला यांनीच आसरा दिला. ती यांच्याच घरी स्वयंपाक करायची. तिची मुलगी सखू यांच्याच अंगणात जन्मली, पंतांना आजोबा म्हणायची.

अकरा दिवस बोलणी चालली. शेवटी ठरलं: वर कोणी दास नाही, खाली आहेत ते राहतील, आणि पळून आलेला माणूस ज्याचा त्याला परत द्यायचा. सरदार तरीही अडले. म्हणाले, पळालेल्यांना मुलं झाली असतील, ती कोणाची? पंतांनी डोळे मिटले. सखू दिसली त्यांना. त्याच मिटल्या डोळ्यांमागे पेटलेली गावंही दिसली. त्यांनी लेखणी उचलली आणि एक शब्द वाढवला – ‘पोराबाळांसह’. तह झाला! लोकांनी पंतांना पालखीतून मिरवलं. आपल्याकडे हार घालायला माणसं कधी कमी पडतात का?

घरी आले, तर भिवरी चुलीपाशी. तिनं विचारलं, “त्या कागदात माझं नाव आहे का?”

“नाव कोणाचंच नाही, भिवरे.”

“मग मी त्यात आहे,” ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

महिनाभरानं स्वार आले. पंतांनी कागद वाचला. अक्षर त्यांचंच. नाही म्हणता आलं असतं. पण कारभाऱ्यानंच तह मोडला तर उद्या युद्ध, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि दारातून बाजूला झाले. भिवरीनं भात उतरवून ठेवला, सखूचा हात धरला आणि निघाली. रडली नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. सखू मात्र वळून वळून बघत होती – आजोबा अजून थांबवत का नाहीत?

आणि मंडळी, युद्ध टळलं का? टळलं, फक्त सात वर्षं! मग राज्यानं नवा मुलूख जिंकला, तिथं दास असावेत की नसावेत यावर पुन्हा वाद पेटला, आणि कासवीचं पाणी पिववेना, इतकी प्रेतं तिच्यात पडली. पंतांचे दोन्ही मुलगे त्यात गेले. खालचे हरले, दास सुटले.

तेव्हा म्हातारे पंत काठी टेकत नदीपार गेले. बागा जळाल्या होत्या. कळलं, भिवरी तिसऱ्याच वर्षी तापानं गेली. सखू भेटली. सोळा वर्षांची पोर, हात म्हातारीचे. पंतांनी तिच्यापुढे हात जोडले, क्षमा मागितली.

 सखू म्हणाली, “तह करताना आम्हाला विचारलं नव्हतं. आता क्षमेचं कशाला विचारता?” आणि पाण्याची घागर उचलून चालू लागली.

पंत तिथंच बसून राहिले. पुढं कुठं गेले, कोणाला ठाऊक नाही.

आपण काही राज्यांचे तह करत नाही. पण ‘जाऊ दे, वाद नको’ हे आपणही म्हणतोच ना? घरात म्हणतो, भावकीत म्हणतो, गावच्या बैठकीत म्हणतो. वाद मिटतो, चहा येतो, आणि किंमत मोजणारं माणूस त्या बैठकीत बोलावलेलंच नसतं. ते कोण होतं, आठवतंय? आठवत असेल तर आज हरिनाम मोठ्यानं घेऊ नका. त्या माणसाचं नाव घ्या – मनातल्या मनात. मी थांबतो तोवर.