मध्येच आठवलं तर

अब्बा: थांब. घास खाली ठेव.

मुलगा: का? केस निघाला?

अब्बा: बिस्मिल्लाह म्हटलं नाहीस.

मुलगा: मनात म्हटलं असेल.

अब्बा: तुझं मन दोन वर्षांत पाहिलेलं नाही. तोंड आत्ता पाहिलं, ते नुसतं चावत होतं.

मुलगा: कारखान्यात भोंगा झाला की वीस मिनिटं मिळतात, अब्बा. बसायचं, गिळायचं, परत मशीनवर पळायचं. सवय मोडली.

अब्बा: मग आता म्हण. मध्येच आठवलं तर काय म्हणायचं, शिकवलं होतं.

मुलगा: बिस्मिल्लाहि अव्वलहू व आखिरहू.

अब्बा: म्हणजे?

मुलगा: अल्लाहच्या नावाने, सुरुवातीलाही आणि शेवटालाही. परीक्षा घेताय?

अब्बा: घेतली. पास झालास. जेव.

मुलगा: फोनवर तुम्ही एवढंच म्हणालात, लग्नाचा कोट कापायचाय, ये. तुम्हीच का नाही कापला?

अब्बा: हा हात बघ. बशी धरवत नाही. खडूने रेघ ओढली तर साप निघतो. डॉक्टर म्हणाले, वय झालं. जशी काही मला खबरच नव्हती.

मुलगा: मला कळवायचं तरी.

अब्बा: कळवलं की, परवा. कापड नवऱ्यामुलाच्या बापाने वीस वर्षं जपलंय. नेमकं एका कोटापुरतं. चुकलं तर माझं चाळीस वर्षांचं नाव पाण्यात.

मुलगा: आणि ते माझ्या हातात देताय?

अब्बा: तुझा हात मीच घडवलाय.

मुलगा: अब्बा, त्या दिवशी मी न सांगता गेलो.

अब्बा: हो. नमाज पढून दुकानात आलो, तर तुझं स्टूल रिकामं.

मुलगा: त्याचं जेवणासारखं मागून म्हणता येतं का?

अब्बा: जेवणाचं चालतं. कापडाचं नाही. एकदा कात्री लागली की लागली.

मुलगा: मग माझं जाणं कशातलं?

अब्बा: दोन वर्षं मीही तेच ठरवतोय. ताट संपव आधी. आणि हात साबणाने धू, कापडाला तेलाचा डाग नको.

मुलगा: धुतले. कात्री कुठली घेऊ?

अब्बा: तुझीच. खिळ्यालाच आहे.

मुलगा: गंजली असेल... अरे, ही तर लोण्यासारखी चालतेय. कोण वापरत होतं?

अब्बा: कोणी नाही. दर शुक्रवारी तेल देतो. म्हण आता, आणि लाव.

मुलगा: बिस्मिल्लाह. तुम्हीही म्हणा ना, अब्बा.

अब्बा: मी परवाच म्हटलंय. तुला फोन लावायच्या आधी.