पडद्यावर न चुकलेला माणूस

(बैठकीची खोली, दुपार. दरडींचा अभ्यास करणाऱ्या एका दिवंगत वैज्ञानिकाची पत्नी, त्याची धाकटी बहीण आणि त्याच्यावर सिनेमा काढणारी तरुण दिग्दर्शिका. तिघी नुकताच सिनेमाचा खासगी खेळ पाहून घरी आल्या आहेत.)

वहिनी : ...आणि तुझा नट मातीचं ढेकूळ कानाशी नेऊन चुरडतो ना, तिथं मी खुर्चीत सरसावूनच बसले. हे तुला कुणी सांगितलं गं? मी तर नव्हतं सांगितलं.

दिग्दर्शिका : सरांचे एक विद्यार्थी भेटले होते, काकू. म्हणाले, सर माती नुसती बघायचे नाहीत, ऐकायचे. मला वाटलं, बोलायची एक पद्धत असेल. तर ते उठले, कुंडीतली माती घेऊन आले आणि माझ्या कानाशी चुरडली. वाळू असली की करकरते, चिकण असली की गप्प.

नणंद : बरोबर. आणि नटानं ते सवयीनं केलंय, करून दाखवलं नाही. दादाची चालही उचललीय. पुढं वाकून, जमिनीवर काहीतरी सांडलंय आणि ते आपल्यालाच सापडणार अशी.

वहिनी : चिखलाचा रंगसुद्धा. मी शाळेत चित्रकला शिकवली, मला रंगात कुणी फसवू शकत नाही. डोंगर आतून फाटला की तांबडी माती मागं राहते आणि राखाडी काला खाली येतो. पडद्यावर तो राखाडीच आहे. तेवढ्यासाठी तुझी पाठ थोपटते.

दिग्दर्शिका : मग मी निश्चिंत झाले. प्रदर्शनाच्या दिवशी मंचावर तुम्ही दोन शब्द बोलायचे.

वहिनी : वन्सं, तुम्ही बोलता की मी बोलू?

नणंद : तू बोल. सिनेमात तू तरी आहेस. मी दादाबरोबर डोंगर तुडवले आणि पडद्यावर माझा पायही नाही.

दिग्दर्शिका : मॅडम, त्याबद्दल मी तुमच्याशी बोलणारच होते. दोन बायकांची कामं मी एकीला दिली. प्रेक्षकांना एक चेहरा धरून ठेवायला लागतो. तुमचं गणित काकूंना दिलं.

वहिनी : तेच म्हणते. ती मुलगी फळ्यासमोर उभी राहून धडाधड समीकरण सोडवते आणि हे मागून टाळ्या वाजवतात. मला क्षणभर कळेचना ही कोण. माझं गणित वर्गातल्या मुली मोजण्यापुरतं. एखादी लपून बसली की तेही चुकायचं.

नणंद : दादा असता तर थिएटरातून उठून फळा पुसायला गेला असता.

दिग्दर्शिका : रागावलात का, मॅडम?

नणंद : नाही गं. माझं नाव माझ्या लेखांवर आहे, ते कुणी काढू शकत नाही. मला गाळलंस हे मी सोडून दिलं. दुसरं एक आहे, ते सोडता येत नाही.

दिग्दर्शिका : सांगा ना. मी ऐकायलाच आलेय.

वहिनी : तो रस्ते खात्याचा इंजिनियर.

दिग्दर्शिका : खलनायक? सगळ्यांना तोच आवडलाय. निर्माते म्हणाले, असा माणूस समोर असल्याशिवाय सर मोठे दिसत नाहीत.

वहिनी : दिसायला दाखवलायस बरोबर. जाडजूड, मान नसलेला. आम्ही त्याला रोलर म्हणायचो. तोंडाचा फटकळ, घरात आला की माझे पाण्याचे पेले आपटून ठेवायचा. ह्यांचं आणि त्याचं एक मिनिट पटत नव्हतं, तेही खरं.

दिग्दर्शिका : मग चुकलं काय?

नणंद : तुझ्या सिनेमात दादा सांगतो की डोंगर येणार, वस्ती हलवा. आणि रोलर म्हणतो, काही होत नाही, मी रस्ता बंद करणार नाही.

दिग्दर्शिका : हो. मग सर एकटे वस्तीत धावतात आणि माणसं बाहेर काढतात.

नणंद : उलटं झालं होतं. डोंगर येणार असं रोलर म्हणाला होता. काही होत नाही असं म्हणणारा दादा.

दिग्दर्शिका : ...असं कसं? गौरवग्रंथात स्पष्ट लिहिलंय, सरांच्या इशाऱ्यामुळे वस्ती वाचली.

वहिनी : गौरवग्रंथ ह्यांच्या माघारी निघाला. हार घालणाऱ्यांनी लिहिला.

नणंद : नीट ऐक. पाऊस थांबून चांगलं ऊन पडलं होतं. दादाचं तेव्हाचं गणित असं, की पाऊस थांबला म्हणजे धोका उतरत जातो. गणितात चूक नव्हती, समजुतीत होती. पाणी वरून थांबलं तरी डोंगराच्या पोटात मुरतच असतं आणि आतून रेटा देत राहतं. हे तेव्हा दादाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

दिग्दर्शिका : आणि इंजिनियरला माहीत होतं?

नणंद : त्यालाही नव्हतं. पण डोंगराच्या पायथ्याचा झरा एकाएकी आटलेला त्यानं पाहिला. एवढा पाऊस पडून गेल्यावर झरा आटतोच कसा, म्हणजे पाणी आत कुठंतरी अडलंय, असं त्यानं धरलं. दादा म्हणाला, एका झऱ्यावरून वस्ती हलवायची नसते. त्यावर रोलर जे बोलला ते तुला पडद्यावर घेता येणार नाही.

वहिनी : वस्ती त्यानं रिकामी केली. संध्याकाळच्या आत डोंगर खाली आला.

दिग्दर्शिका : काकू, मी तुमच्याकडे इतक्या वेळा आले. तुम्ही हे एकदाही बोलला नाहीत.

वहिनी : तू विचारलंस काय? आमचं लग्न कसं जमलं, ह्यांना राग यायचा का, पहिली भेट कुठं झाली. मी त्याची उत्तरं दिली. मला वाटलं, दरडीचं सगळ्यांना माहीतच आहे. हे दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच तासाला स्वतः सांगायचे, मी चुकलो होतो म्हणून.

नणंद : लाजत नाही सांगायचा. रंगवून सांगायचा. त्यातून तर पुढचं सगळं निघालं. डोंगरात नळ्या पुरून आतलं पाणी मोजायचं, पाऊस थांबल्यावरही मोजत राहायचं. जगानं ज्यासाठी त्याला डोक्यावर घेतलं ते काम त्या आटलेल्या झऱ्यापासून सुरू झालं. तू मात्र दाखवलंस की तो खिडकीत उभा आहे, चहा निवतोय आणि एकदम सुचतं.

दिग्दर्शिका : मॅडम, सिनेमा इतिहासाचं पुस्तक नसतो. मला दोन तासांत माणूस उभा करायचा असतो.

नणंद : कबूल. म्हणून तर तुझ्या रात्रीचा विषय मी काढला नाही. सगळं भर दुपारी झालं होतं, तू मशाली पेटवल्यास.

वहिनी : मशाली छान दिसतात. अंधार आम्ही सोडून दिला. पण बाई, रोलर वारला तरी त्याची मुलगी आहे. दातांची डॉक्टर. ही माझी कवळी तिनंच केली. ती सिनेमा बघणार, तिच्या बापाला लोक थिएटरात शिव्या देणार, आणि पुढच्या महिन्यात मी तिच्यासमोर तोंड उघडून बसायचं. कसं उघडू, सांग.

दिग्दर्शिका : नाव तर बदललंय मी त्यांचं.

वहिनी : नाव बदललंस, मान नाही बदललीस. तिला कळायला मानच पुरे आहे.

नणंद : आणि वहिनी मंचावर उभी राहिली तर हे बोलणार. मी तिला ओळखते. तिला थांबवता येत नाही.

दिग्दर्शिका : थांबा. मला जरा विचार करू द्या. घाबरवायला लागू नका.

वहिनी : घाबरवत नाही. चहा घे.

दिग्दर्शिका : ...उतारावर दोघं भांडतात तो प्रसंग. वारा होता, म्हणून मी लांबून घेतला. दोघं पाठमोरे. ओठ दिसत नाहीत.

नणंद : मग?

दिग्दर्शिका : बोलणं नंतर स्टुडिओत भरलंय. म्हणजे पुन्हा भरता येईल. याची वाक्यं त्याला, त्याची याला. आणि झऱ्याचं एक वाक्य घालायचं.

वहिनी : पण मग पुढं हे मशाल घेऊन पळत सुटतात त्याचं काय करशील?

दिग्दर्शिका : पळू देत. फक्त उशिरा पळतील. डोंगर आधी कोसळेल, पळणं नंतर लावते. तेच चित्र, पण आता तो कुणाला वाचवायला पळत नाहीये, आपल्यामुळे काय झालं ते बघायला पळतोय. ...अरे, हे तर फारच चांगलं आहे.

नणंद : निर्माते ऐकतील? तुझा नट ऐकेल? त्याला चुकलेला नायक चालेल का?

दिग्दर्शिका : नट उडी मारेल. मला तो केव्हापासून सांगतोय की दुसऱ्या अर्ध्यात मला करायला काही नाही. खरंच नव्हतं. पहिल्यापासून बरोबर असलेला माणूस शेवटीही बरोबर, त्यात करायचं काय? चहा निवायची वाट बघायची. निर्मात्यांना मी पटवते. सिनेमा अजून प्रमाणपत्रासाठी गेलेला नाही, तेवढी सवड आहे.

वहिनी : आणि फळ्यावरची मी?

दिग्दर्शिका : ती राहील, काकू. ती मला काढता येणार नाही, त्यानंतरचं गाणं तिच्यावर बेतलंय.

नणंद : राहू दे. वहिनीला उतारवयात गणित येतंय, त्यात कुणाचं वाईट नाही. शेवटी पाट्या येतात तिथं मात्र माझं नाव घाल. गणित कुणाचं, एवढंच. छोट्या अक्षरात चालेल.

दिग्दर्शिका : मोठ्या अक्षरात घालते. पण तो पळण्याचा प्रसंग नीट बसवायला मला एक कळायला हवं. नटाच्या चेहऱ्यावर भीती आहे, पण ती मी वेगळ्या कारणासाठी काढून घेतली होती. सर खरोखर पळाले होते का?

वहिनी : पळाले. शहरात बैठकीला गेले होते, अधिकाऱ्यांना समजावायला, की घाबरायचं काही कारण नाही. तिथं बातमी आली. गाडी चिखलात रुतली, ती तशीच टाकून पळत आले. एका पायात बूट होता.

दिग्दर्शिका : वस्तीतल्या लोकांसाठी?

नणंद : वहिनी, सांग तिला.

वहिनी : आमच्यासाठी गं. आम्ही दोघी त्याच वस्तीत राहत होतो. लोकांचा विश्वास बसावा म्हणून ह्यांनी बिऱ्हाडच तिथं हलवलं होतं. म्हणायचे, जिथं माझी माणसं ठेवीन तिथं लोक निर्धास्त राहतील.

दिग्दर्शिका : ...आणि तुम्ही निघालात कशा? सर तर नको म्हणाले होते.

वहिनी : रोलर दारात येऊन उभा राहिला. आम्ही नुकत्याच जेवायला बसलो होतो. मी म्हटलं, ह्यांनी सांगितलंय काही होणार नाही. वाटलं आता हा ओरडणार. पण ओरडला नाही. म्हणाला, "वहिनी, तुमच्या नवऱ्याचं बरोबर असेल. मी उद्या येऊन त्यांची माफी मागीन. आत्ता चपला घाला."