निळ्या फुलांची बाजू

…नाही, बसा बू रेंती, बोलू दे मला — मला वाटलं होतं, शिकून गावी आले की तुम्हा बायकांची समजूत घालावी लागेल, आईच्या आजाराला तुम्ही देवाचा कोप वगैरे म्हणाल, मी मेंदूचं चित्र काढून दाखवेन. आणि सापडलं काय? केराची टोपली! आपल्या बंजारच्या, वाडीच्या मंडपामागे, माझ्या आईने सकाळभर मांडलेल्या पूजेच्या पानांच्या तबकड्या, चाळीसेक तरी, उलट्या करून टाकलेल्या — आणि पुढे मंडपात तुम्हीच तिला म्हणताय, "मे सांद्री, काय हात चालतो हो तुमचा!" किळस आली मला. अजून येतेय.

हो, माहितीये, निळी फुलं नव्हती. पूर्वेला पांढरी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पिवळी, आणि उत्तरेची, डोंगराकडची निळ्यांची जागा रिकामी — प्रत्येक तबकडीत. डोंगरालाच विसरली, म्हणालात ना? विसरली नाही हो! पूर्वेकडे तोंड करून बसते ती, म्हणजे उत्तर डाव्या हाताला. जानेवारीत झटका आला तेव्हा मेंदूचा मागचा उजवा भाग गेला, आणि दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसेनासं झालं — डोळे ठणठणीत आहेत, बघणारं आतलं गेलंय. काळं दिसत असेल? तुम्हाला आत्ता पाठीमागे काळं दिसतंय का? नाही ना — काहीच दिसत नाही, आणि दिसत नाही हेही जाणवत नाही. तसं. तिच्या लेखी तबकडी भरलेलीच असते.

मला कसं कळलं नाही? — विचारा, विचारा. मेलबर्नला डोळ्यांचंच शिकत होते मी! फोनवर ती भलतीकडेच बघायची, मी वैतागायचे, "मे, नीट बघ ना माझ्याकडे." वाचताना शब्द सुटतात म्हणाली, तर मी म्हटलं, चष्मा बदल. तीन चष्मे केले तिने. हात चालतोय, जीभ चालतेय, म्हणजे सुटलो आपण, असं मीच ठरवून टाकलं — परीक्षा होती ना माझी.

आणि काल तुम्ही गोड बोलत आलात, देवळाच्या उत्सवापर्यंत तिला घरीच पडू दे म्हणून — आणि मी "बरं" म्हणाले. लाज वाटली म्हणून म्हणाले. तुमची नाही, तिची. टोपली बघून मला माझ्या आईची लाज वाटली, बू. एवढं शिकून हे.

आज उजाडताना ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं, टोपलीचंसुद्धा. वाटलं, रडेल. तर म्हणाली, "म्हणजे इतके महिने देवाला अर्धवटच वाहिलं मी! आणि एकीलाही तोंड उघडवलं नाही, मेल्यांना?" मग तबकडी हातात घेऊन अशी फिरवली — रिकामी जागा उजवीकडे आली, दिसली, भरली. मी शिकवलं नव्हतं हो ते.

म्हणून कालचं "बरं" मी परत घेते. ती मंडपात येणार. आजच. हळू करेल, प्रत्येक तबकडी फिरवून बघेल, चुकली तर तोंडावर सांगा. मी? मी येत नाहीये, तिनेच नको म्हटलंय. तुम्ही सगळ्याजणी आहात ना, म्हणाली.

ही फळांची पिशवी उचला, आजारी कुणी नाही इथे. निघा आता — आणि चटईवर तिची जागा धरून ठेवा.